टोक्याचे बापूदेव आणि दुसरा फरक

तर झालं असं, की गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं आणि अण्णांचं वाजलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. नेवासे तालुक्यात तीसेक वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एक ढकलपत्र टाकलं होतं: न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी कॅल्क्युलस शोधलं, इंग्रजांनी ते दडवलं वगैरे. मी नुकताच हापिसच्या एका लांबलेल्या कॉलमधून बाहेर पडलो होतो, डोकं तापलेलं. टंकलं, 'काहीही! ज्यांचे फरक काढणं म्हणजे कॅल्क्युलस नव्हे.' अण्णांचं उत्तर आलं, 'बरं.'

आमच्या घरात अण्णांचं 'बरं' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री फोन आलाच.

"काय रे, लई शहाणा झालास का पुण्यात जाऊन? भास्कराचार्यांचं एक तरी सूत्र माहितीये का तुला?"

"नाही अण्णा. पण असले मेसेज खोटेच असतात हो."

"मेसेज खोटा असेल. पण तू न वाचता खोटा म्हणालास. तुझ्यात आणि मेसेज लिहिणाऱ्यात फरक काय मग?"

झोंबलं. कारण खरं होतं. म्हणून पुढचे तीन विकांत मी या एकाच गोष्टीत घातले. त्यात काय सापडलं ते इथे लिहितोय. गणित थोडं आहे, पण बारावीपर्यंत गेलेल्या कुणालाही झेपेल इतकंच, तेव्हा पळून जाऊ नका.

आधी थोडं इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे भोगलेलं असणार. एखादं फंक्शन घ्यायचं आणि त्याचा 'एनवा डेरिव्हेटिव्ह' काढायचा. म्हणजे एकदा विकलन, मग उत्तराचं पुन्हा विकलन, मग पुन्हा... असं एन वेळा. अर्थात एन वेळा कोण करतंय! तीन-चारदा करायचं, काहीतरी ठेका लागतोय का बघायचं आणि सूत्र ठोकून द्यायचं.

सगळ्यात सुंदर ठेका साइनचा. साइनचं विकलन केलं की कोसाइन. कोसाइनचं केलं की उणे साइन. पुन्हा केलं की उणे कोसाइन. आणि चौथ्यांदा केलं की गाडी परत साइनवर. म्हणजे शंभरावा डेरिव्हेटिव्ह विचारला तर शंभरला चारने भागा, बाकी शून्य, उत्तर साइन. संपलं.

मी परीक्षेत अगदी असंच लिहिलं होतं. निम्मे मार्क गेले. सरांना विचारायला गेलो तर म्हणाले, "चार पायऱ्या पाहिल्यास आणि पाचवी तशीच असणार असं गृहीत धरलंस. ते सिद्ध कुठे केलंस?" तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. इंडक्शनच्या दोन ओळींसाठी निम्मे मार्क! पण हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या ठेक्यातली मुख्य गोष्ट दुसऱ्या पायरीत आहे. दोनदा विकलन केलं की साइन स्वतःच परत येतो, फक्त उलट्या चिन्हाने. बाकी सगळा ठेका यातूनच निघतो. हे एकदा कळलं की तिसरा आणि चौथा डेरिव्हेटिव्ह फुकटात मिळतात.

चोवीस आकडे

आता हे दुसऱ्या पायरीचं रहस्य आपल्याकडे कधी कळलं? याचं उत्तर ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. इ.स. ४९९. आर्यभट.

आपल्या ज्योतिषग्रंथांत साइनऐवजी 'ज्या' असते. त्रिज्या ३४३८ धरायची (वर्तुळाच्या परिघाच्या २१६०० कला केल्या, की त्रिज्या तेवढ्या कलांची येते) आणि पाव वर्तुळाचे चोवीस भाग करायचे. प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा, म्हणजे २२५ कलांचा. आर्यभटांनी या चोवीस ज्या दिल्याच नाहीत, त्यांच्यातले फरक दिले:

२२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९, १०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२, ७.

बेरीज करत गेलात की ज्या मिळतात. पहिल्या आठांची बेरीज १७१९, म्हणजे ३० अंशांची ज्या, ३४३८ च्या बरोब्बर निम्मी. सगळ्यांची बेरीज ३४३८. करून बघा, मी दोनदा केली.

आता या फरकांचे फरक काढा. सुरुवातीला १, २, ३, ४, ५... आणि शेवटाकडे १४, १४, १५, १५. ३० अंशांपाशी बघा: १९९ नंतर १९१, म्हणजे दुसरा फरक ८. शेवटी ९० अंशांजवळ दुसरा फरक १५. ज्या निम्मी, तर दुसरा फरकही साधारण निम्मा! ६० अंशांपाशी ज्या २९७८, दुसरा फरक ११९ वजा १०६, म्हणजे १३. ज्येला २२५ ने भागा, १३.२ येतात. आर्यभटांच्या नियमाचा रूढ अर्थ हाच आहे: ज्येला पहिल्या ज्येने, म्हणजे २२५ ने भागा, तेवढ्याने पुढचा फरक कमी करा.

थोडक्यात, ज्येचा दुसरा फरक ज्येच्याच पटीत असतो आणि तेवढ्याने पहिला फरक घटत जातो. आपलं 'दोनदा विकलन केलं की उणे साइन' ते हेच, फक्त विकलनाऐवजी फरकांच्या भाषेत.

हाडाचा प्रोग्रामर असल्याने मी लगेच लूप लिहून पाहिला. २२५ ने भागत, अपूर्णांक तसेच ठेवून चालवला तर शेवटी ३४३८ ऐवजी ३३७५ आले. म्हणजे नियमाचा आकार बरोबर, पण भाजक जरा चुकलेला. (आर्यभटांचं कोष्टक मात्र याहून कितीतरी चांगलं आहे, ते नुसतं या लूपमधून आलेलं नाही.) पुढे १५०० च्या सुमारास केरळात नीलकंठ सोमयाजींनी तंत्रसंग्रहात भाजक दिला दोनशे साडेतेहेतीस. तो घालून लूप चालवला, ३४४० आले. कॅल्क्युलेटरवर खरा भाजक काढला तर २३३.५३. म्हटलं, वा!

मग हावरटपणा सुचला. तिसरे फरक काढू, चौथे काढू, चौथ्याला साइन परत येते का बघू. इथे सगळं फिसकटलं. तिसरे फरक येतात १, १, १, १, ०, १, २, ०, १... त्यातून काही ठेका कळत नाही. चौथे तर निव्वळ खडखडाट, कधी उणे दोन, कधी अधिक एक. कारण सोपं आहे. चौथ्या फरकाचं खरं मूल्य जास्तीत जास्त ०.०६ च्या आसपास असतं आणि कोष्टकातले आकडे पूर्णांकात आहेत. पूर्णांक करताना झालेली अर्ध्या-अर्ध्याची चूक प्रत्येक फरकाबरोबर फुगत जाते. म्हणजे कोष्टकात डोळे घालून बसलात तर दुसऱ्या पायरीपर्यंतच दिसतं. पुढचं बघायला आकडे पुरत नाहीत, तिथे विचारच लागतो.

प्रवरासंगमाचा पूल

इथवर अण्णांचे भास्कराचार्य आलेच नव्हते. मी शं. बा. दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' काढलं. १८९६ चा ग्रंथ, पण अजून त्याला तोड नाही. चाळता चाळता एका नावापाशी थांबलो: बापूदेवशास्त्री. मूळ नाव नृसिंह, आडनाव परांजपे. काशीचे प्रसिद्ध गणिती. आणि घराणं मूळचं कुठलं? नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोक्याचं.

टोके! नगरहून संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) जाताना प्रवरासंगमाचा पूल लागतो, तिथलंच गाव. सिद्धेश्वराचं देऊळ आहे ते. त्या पुलावरून मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन. नेवासे म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते, ते बरोबरच आहे. पण याच तालुक्यातल्या एका घराण्यातल्या माणसाने भास्कराचार्य आणि कॅल्क्युलस हा वाद जगापुढे पहिल्यांदा मांडला, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि खरं तर मीही कुणाला विचारलं नव्हतं.

दीक्षितांच्या नोंदीप्रमाणे बापूदेवांचा जन्म १८२१ चा. शिक्षण नागपुरात. तिथेच ते ढुंढिराज मिश्र या पंडितांकडे भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित शिकले. १८३८ साली लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने हा मुलगा हेरला. विल्किन्सन हा भोपाळचा पोलिटिकल एजंट, सिहोरला राहायचा आणि तिथल्या संस्कृत पाठशाळेत सिद्धांतग्रंथ शिकवले जावेत म्हणून धडपडायचा. त्याने बापूदेवांना सिहोरला नेलं. १८४२ मध्ये बापूदेव बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. म्हणजे विशी-एकविशीत! त्या वयात मी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय बांधायला शिकत होतो.

पाश्चात्त्य गणित त्यांनी तिथे आत्मसात केलं. कॅल्क्युलसला त्यांनी संस्कृतात 'चलनकलन' म्हटलं आणि त्यातले सिद्धांत समजावणारे वीस श्लोक रचले. (आपल्याकडे मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच विषयाला 'शून्यलब्धी' म्हटलं होतं. शून्याला शून्याने भागून जी लब्धी मिळते ती! दोन्ही शब्द आपल्या 'विकलना'पेक्षा बोलके आहेत असं माझं मत.)

आणि १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी चार पानांचा इंग्रजी लेख लिहिला. विषय: भास्कराचार्यांना कॅल्क्युलसचं ज्ञान होतं.

भास्कराचार्यांनी केलं काय?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. अडचण व्यवहारातली होती. तिथी कधी संपते ते काढायचं तर चंद्राची गती हवी. चंद्र एकाच वेगाने चालत नाही आणि त्याचा वेगही मोठा. काल आणि आजची स्थिती घेऊन वजाबाकी केली तर दिवसभराची सरासरी गती मिळते, तिला ते स्थूल म्हणतात. पण तिथी संपण्याच्या त्या वेळेची गती हवी असेल तर वेगळी रीत लागते. ती सूक्ष्म, तात्कालिक गती.

'तात्कालिक' हा शब्द पुन्हा एकदा वाचा. गाडीचा स्पीडोमीटर जे दाखवतो ते, पुणे ते नगर किती तास लागले त्याचा भागाकार नव्हे.

त्यासाठी त्यांचा नियम असा: कोटिज्येला (म्हणजे कोसाइनला) २२५ ने गुणा, त्रिज्येने भागा, की त्या ठिकाणचा ज्येचा तात्कालिक फरक मिळतो. ६० अंशांवर करून पाहू. कोटिज्या १७१९, गुणिले २२५, भागिले ३४३८, उत्तर ११२.५. कोष्टकात ६० अंशांच्या आधीचा फरक ११९, नंतरचा १०६. मधोमध? ११२.५! साइनचं विकलन कोसाइन, आपण रटलेलं पहिलं सूत्र.

शिवाय त्यांना हेही दिसलं होतं की ग्रहाच्या स्थितीची दुरुस्ती जिथे सर्वाधिक असते, तिथे गतीची दुरुस्ती शून्य असते. आपण 'मॅक्सिमाला डेरिव्हेटिव्ह शून्य' म्हणतो ते. लीलावतीत तर शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागायची उदाहरणं आहेत आणि या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, अशी टीपही आहे.

अण्णा जिंकले म्हणायचे? थांबा.

लंडनहून आलेलं उत्तर

बापूदेवांच्या लेखाला १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये उत्तर आलं. लिहिणारा विल्यम स्पॉटिसवुड, जो पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. उत्तर जेमतेम दोन पानांचं, पण मला फार आवडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅल्क्युलसचा प्राण म्हणजे अंतरं अतिसूक्ष्म, हवी तितकी लहान घेणं. त्याचा उल्लेख भास्कराचार्य करत नाहीत. आपली रीत आसन्न आहे असंही सांगत नाहीत. तेव्हा बापूदेवांचा दावा जरा जास्त होतो. पण (हा 'पण' महत्त्वाचा) त्यांची दृष्टी थक्क करणारी आहे, आधुनिक रीतीशी असलेलं साम्य वरवरचं नाही आणि इतक्या जुन्या काळात हे होतं हे वाचून शास्त्रज्ञांना आश्चर्य वाटेल.

म्हणजे दडवलं वगैरे काही नाही. छापलं, वाचलं, तपासलं आणि लंडनच्या जर्नलमध्ये उत्तर दिलं. बापूदेव पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीचे सन्माननीय सभासदही झाले. ढकलपत्र इथे सपशेल खोटं.

स्पॉटिसवुडचा आक्षेप वाचला आणि मला पहिल्या वर्षाचे सर आठवले. 'ठेका ओळखलास, सिद्ध कुठे केलंस?' अगदी तेच. भास्कराचार्यांकडे ज्येसाठी बिनचूक नियम आहे. पण कुठलंही फंक्शन द्या आणि त्याचं विकलन करा, मग त्याचंही करा, अशी सर्वसाधारण यंत्रणा नाही. ती न्यूटन आणि लायब्निझ यांनी दिली. उलट भास्कराचार्य पहिले होते असंही नाही. कोटिज्येवरून गतीची दुरुस्ती काढण्याची रीत मंजुलांच्या ९३२ च्या लघुमानसात आहे. दुसऱ्या फरकापर्यंत जाऊन मधली ज्या काढायची रीत ब्रह्मगुप्तांनी ६६५ मध्येच दिली होती.

मग ती वाट इथेच थांबली का? तेही नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवांनी, चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथे १२०७ चा शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पण पुढचं मोठं पाऊल पडलं केरळात. चौदाव्या-पंधराव्या शतकात माधवांनी ज्येची अनंत श्रेणी दिली. त्याची उपपत्ती १५३० च्या सुमाराच्या युक्तिभाषेत मल्याळममध्ये लिहिलेली आहे. आणि ती सुरू कुठून होते? ज्येचा दुसरा फरक ज्येच्याच पटीत असतो, या आर्यभटांच्या गोष्टीपासून! तो नियम घेऊन, अंतरं हवी तितकी लहान करत, पुन्हा पुन्हा बेरजा करत ते श्रेणीपर्यंत पोचले. स्पॉटिसवुडने 'हे नाही' म्हणून दाखवलेलं अतिसूक्ष्म अंतर तिथे आहे. चार्ल्स व्हिश या कंपनीच्या अधिकाऱ्याने केरळच्या श्रेणींवर १८३० च्या दशकातच लेख छापला होता, पण तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

कोष्टकात दोनच पायऱ्या दिसतात असं मी वर म्हटलं. पण दुसरी पायरी नीट पकडणाऱ्यांना बाकीच्या सगळ्या विचाराने सापडल्या. मात्र त्यासाठी मध्ये हजार वर्षं गेली.

शेवटी अण्णा

गेल्या शनिवारी गावी गेलो. अण्णांना गाडीत घातलं आणि टोक्याला गेलो. सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, घाटावर बसलो. मी मोबाइलवर चोवीस आकडे काढून दिले. चष्मा वर करून त्यांनी दहा मिनिटं काही न बोलता तोंडी फरक काढले. मग म्हणाले, "तीस अंशाला आठ आणि नव्वदला पंधरा. अरे, हे तर अर्धं झालं!"

तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस घाटावर बसून असा हसला, की माझे तीन विकांत वसूल झाले.

"मग मेसेज खरा का खोटा?" परत येताना त्यांनी विचारलं.

"दडवलं म्हणतो ते खोटं. कॅल्क्युलस शोधलं हे जरा जास्त. पण ज्येचं विकलन त्यांना येत होतं. तात्कालिक गती म्हणजे काय हे त्यांना कळलं होतं. हे पूर्ण खरं. आणि मी 'काहीही' म्हणालो ते चुकलं."

"हे ग्रुपवर टाक."

"टाकतो. तुम्हीपण तुमचा मेसेज काढा मग."

"काढतो की," अण्णा म्हणाले. "पण आधी ते आकडे टाक. पोरं करून बघतील."

दोघांनीही टाकलं. अण्णांनी मेसेज काढून त्या जागी चोवीस आकडे आणि 'फरकांचे फरक काढा' एवढंच लिहिलं. आत्तापर्यंत फक्त माझ्या नववीतल्या चुलत बहिणीने उत्तर पाठवलंय. तिचा एक फरक चुकलाय, पण तो तिचा तिलाच सापडेल.